सुरळी, टाको आणि तीन कल्याणे

आमच्या घरात सकाळी सहा ते पावणेसात या वेळात कोणाला साधी शिंक काढायची सवड नसते. नातवाची शाळेची बस पावणेसातला आनंदनगरच्या नाक्यावर येते. चिरंजीवांना बदलापूरहून भरून आलेल्या लोकलला अंबरनाथला लोंबकळायचे असते, आणि सूनबाईंना त्याच्या पुढच्या लोकलला. मी निवृत्त माणूस. या पाऊण तासात कोणाच्या पायात न येणे एवढेच माझे काम, आणि तेही मला धड जमत नाही.

अशाच एका सोमवारी सूनबाईंनी जाहीर केले, "आई, आजपासून सकाळी टाको."

"काय टाकू?" आमच्या हिने विचारले.

"टाकू नाही हो, टाको. मेक्सिकन पदार्थ आहे. मुलं चालता चालता खातात."

मग प्रात्यक्षिक झाले. रात्रीची उरलेली पोळी तव्यावर टाकली. एक अंडे फेटून, मीठ-मिरी घालून शेजारच्या कढल्यात परतले. पोळीच्या अर्ध्या भागावर ते अंडे, उकडलेल्या बटाट्याच्या चार फोडी, टोमॅटो, कोथिंबीर आणि थोडे किसलेले चीज पसरले. उरलेली अर्धी पोळी वर दुमडली, उलथन्याने दाबली, कागदात गुंडाळली आणि नातवाच्या हातात दिली. सगळे मिळून चार मिनिटे. नातू खात खात जिना उतरला. एरवी दूध-पोळी पुढे ठेवली की हाच मुलगा देशाच्या प्रश्नांवर विचार करत बसतो.

ही दारापाशी उभी राहून बघत होती. बस गेल्यावर म्हणाली, "म्हणजे शिळ्या पोळीची सुरळीच की! चाळीस वर्षं केली मी. तिला कोणी नाव दिलं नाही, नावं मात्र ठेवली."

"आई, सुरळी गुंडाळतात. टाको दुमडतात," सूनबाई पर्स शोधता शोधता म्हणाल्या.

झाले! संध्याकाळपर्यंत घरात दोन पक्ष पडले. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही दिवसभर मोकळे असता, काय ते एकदा ठरवून टाका." असल्या भांडणावरून टेक्सासमधली ऑस्टिन आणि सॅन अँटोनिओ ही दोन शहरेसुद्धा २०१६ साली एकमेकांवर धावून गेली होती. सकाळचा टाको नेमका कोणाचा, हा वाद इतका पेटला की शेवटी दोन्ही महापौरांना एकत्र बसून तह करावा लागला. आनंदनगरला महापौर नसल्यामुळे ती जबाबदारी माझ्यावर आली. मी चष्मा पुसला आणि इतिहासात शिरलो.

इतिहासाची आम्हा अंबरनाथकरांना तशी धास्ती नाही. आमचे शिवमंदिर १०६० सालचे. ते बांधणारे शिलाहारांचे कारागीर सकाळी काय खाऊन दगडाला छिन्नी लावत, हे शिलालेखात कोरलेले नाही. शिलालेखात राजाचे नाव येते, न्याहारीचे येत नाही. पण त्यानंतर सत्तरेक वर्षांनी, ११२९ च्या सुमारास, सोमेश्वर नावाच्या राजाने 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ सिद्ध केला आणि त्यात राज्यकारभाराच्या जोडीने स्वयंपाकही घेतला. त्यात मंडक आहेत, म्हणजे आपले मांडे, आणि 'पोलिका'ही आहे. हा सोमेश्वर कल्याणीचा चालुक्य. मी आनंदाने हिला सांगितले, "अगं, पोळी आपल्या कल्याणची!" मग कळले की ते कल्याण म्हणजे कर्नाटकातले बसवकल्याण. आपले जंक्शन नव्हे. पहिल्याच स्टेशनावर गाडी चुकली.

पोळी आपली ठरली म्हणून ही खूश झाली. पण खरी पंचाईत पुढे होती. टाकोच्या पोटात काय काय होते पाहा: बटाटा, टोमॅटो, आणि नातवाला नको असलेली पण हिने हळूच घातलेली मिरची. हे तिघेही मूळचे अमेरिका खंडातले. १४९२ साली कोलंबस तिकडे पोचला नसता, तर ते इकडे आले नसते. पोर्तुगीजांच्या जहाजांतून यातले बरेचसे आपल्या किनाऱ्याला लागले. 'बटाटा' हा शब्दसुद्धा त्यांचाच. म्हणजे उपासाला आपण जो बटाटा बिनदिक्कत खातो, तो पोर्तुगीज नावाचा परदेशी पाहुणा. हिने एवढे ऐकले आणि बटाट्याकडे अशा नजरेने पाहिले, की त्याने चाळीस वर्षे खोट्या नावाने भाडे भरले असावे.

"असू दे," ही म्हणाली, "पोळी तर आपली ना? गहू तर आपला?"

इथे मला १९६६ साल आठवले. मी तेव्हा शाळकरी. रेशनच्या दुकानापुढे पिशवी घेऊन तासन्‌तास उभा राहायचो आणि लाल गहू घरी आणायचो. अमेरिकेतून जहाजे यायची तेव्हा घरात पोळी व्हायची. आई तो गहू निवडताना एक अक्षर बोलत नसे, आणि पोळीचा कडक, तांबूस तुकडा चावताना आम्हीही बोलत नसू. बोलायला दात मोकळे नसत.

त्याच १९६६ साली आपल्या सरकारने गव्हाचे १८,००० टन बियाणे बाहेरून मागवले. कुठून? मेक्सिकोहून! नॉर्मन बोरलॉग या शास्त्रज्ञाने तिथे बुटक्या गव्हाच्या जाती तयार केल्या होत्या. आपला जुना गहू उंच आणि नाजूक. खत जास्त घातले की ओंबी जड व्हायची आणि रोप आडवे पडायचे. हा बुटका गडी मात्र भरल्या ओंबीनिशी ताठ उभा राहायचा. 'लर्मा रोहो' आणि 'सोनोरा ६४' ही त्यांची नावे. पीक भरघोस आले, पण दाणा लालसर. आपल्या लोकांनी नाक मुरडले. पोट रिकामे असले तरी पोळी गोरी हवी. मग आपल्या शास्त्रज्ञांनी त्यातूनच निवड करत पिवळसर दाण्याच्या जाती काढल्या. देशाचे गव्हाचे पीक १९६४-६५ साली सव्वा कोटी टनांच्या आसपास होते, ते १९६७-६८ साली साडेसोळा दशलक्ष टनांवर, म्हणजे एक कोटी पासष्ट लाखांवर गेले. १९६८ साली सरकारने त्याचे टपाल तिकीट काढले, आणि १९७० साली बोरलॉगना शांततेचे नोबेल मिळाले. आमच्या आईने त्यांना ते रेशनच्या रांगेतूनच देऊन टाकले असते.

या नव्या जातींतली सगळ्यांत गाजलेली कोणती? 'कल्याण सोना'! मी पुन्हा एकदा उडालो. पण हेही कल्याण आपले जंक्शन नव्हे, पंजाबातले. आपल्या कल्याणच्या नशिबी फक्त गाडी बदलणे.

आता गंमत पाहा. त्या गव्हाला ज्या सोनोरा प्रांताचे नाव, तिथे मेक्सिकोच्या इतर भागांसारखी नुसती मक्याची भाकरी खात नाहीत. तिथे गव्हाची पोळी करतात, आणि ती हातावर ताणत ताणत कोपरापर्यंत मोठी आणि कागदासारखी पातळ करतात. आमची आजी खापरावरचे मांडे करायची ते असेच, दोन्ही हातांवर ताणून. मध्ये अर्धी पृथ्वी आणि दोन महासागर, पण बाईचा हात एकच.

'टाको' या शब्दाबद्दल जेफ्री पिल्चर नावाच्या इतिहासकाराचे मत असे, की मेक्सिकोतल्या चांदीच्या खाणींत सुरुंगासाठी कागदात दारू गुंडाळत, त्या पुडीला टाको म्हणत. त्यावरून हा खाद्यपदार्थ. हे वाचून मला हायसे वाटले. संरक्षण खात्याची ऑर्डनन्स फॅक्टरी ज्या गावात, आणि एकेकाळी विम्कोच्या आगपेट्या ज्या गावात तयार होत, तिथे दारूच्या पुडीचे नाव घेतलेला पदार्थ उपरा कसा ठरेल?

शिवाय पाहुण्या पोळ्यांना पोटात घेणे हा या टापूचा धर्मच आहे. महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासित त्या बराकींत आले आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. आजही पत्ता सांगताना लोक कॅम्पाचा नंबर सांगतात. त्या मंडळींनी घरदार मागे ठेवले, पण कोकी आणि दाल-पकवान बरोबर आणले. कोकी ही कांदा घातलेली जाड, खमंग पोळी. आज केलेली उद्याही प्रवासात चालते. तिकडे मुंबईत १९६९ साली टिब्ब नावाच्या गृहस्थांनी बैरुतमधली गुंडाळलेली रोटी पाहून तसलीच चीज इथे काढली, आणि फ्रँक वॉरेल या क्रिकेटपटूच्या नावावरून तिला 'फ्रँकी' म्हटले. वेस्ट इंडीजच्या कप्तानाच्या नावाने पोळी खपली; आमच्या हिच्या नावाने खपली नाही, एवढाच काय तो फरक.

रविवारी सगळे घरी असताना मी निकाल वाचून दाखवला. पोळी आपली, सारण त्यांचे, गव्हाचे अर्धे रक्त मेक्सिकोचे. म्हणून सुरळी आणि टाको या सख्ख्या मावसबहिणी. दोन्ही पक्षांनी टाळ्या वाजवाव्यात अशी माझी अपेक्षा होती.

ही म्हणाली, "या सगळ्यात पहाटे उठत कोण होतं, ते लिहिलंय का कुठे?"

लिहिलेले होते, मी घाईत ते पान उलटले होते. मेक्सिकोतल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, उजाडायच्या आत उठून गुडघ्यांवर बसून पाट्यावर वाटत. विसाव्या शतकात गिरण्या येईपर्यंत घरोघर हेच. मी ते वाचून दाखवले. दोघीही गप्प बसल्या. दोन पक्षांचा एकच पक्ष झाल्याचे मला तेव्हाच कळायला हवे होते.

मग सूनबाईंनी सहज विचारले, "आई, तुम्ही स्वतः सकाळी काय खायचात?"

"उरलं तर खायचे," ही म्हणाली, आणि मटार सोलू लागली.

चाळीस वर्षे मी तूप-साखरेची सुरळी हातात घेऊन लोकल पकडली. बदलापूर लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धे बूड टेकून ती खाल्ली, मित्रांना वाटली, कधी कंटाळून परतही आणली. मागे डब्यात एखादी पोळी उरली होती की नाही, हे मी कधी विचारले नव्हते. राजांचे शिलालेख वाचणाऱ्या माणसाला स्वतःच्या स्वयंपाकघरातली ही ओळ वाचता आली नाही.

सोमवारी मी साडेपाचला उठलो. सूनबाई नातवाचा टाको दुमडत होत्या, तिथे शेजारी उभा राहून मी एक पोळी गरम केली. पहिली करपली. दुसरीला तूप लावले, साखर पसरली, घट्ट गुंडाळली आणि देवापुढे फुले वाहत बसलेल्या हिच्या हातात नेऊन दिली. तिने माझ्याकडे पाहिले, सुरळीकडे पाहिले, आणि एक घास घेतला. तिच्या मनगटावरून तुपाचा ओघळ थेट कोपरापर्यंत गेला.

"अहो," ती म्हणाली, "खालचं टोक आधी दुमडायचं असतं."

हजारो सुरळ्या खाऊनही मला हे माहीत नव्हते. उद्या दुमडीन.