दत्तकाच्या सोहळ्याची साक्ष

झाशीच्या गंगाधरराव नेवाळकरांनी 20 नोव्हेंबर 1853 रोजी, मरणाच्या आदल्या दिवशी, भाऊबंदांतला पाच वर्षांचा आनंदराव दत्तक घेतला आणि त्याचे नाव दामोदरराव ठेवले. कंपनी सरकारचे मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन यांना त्या वेळी मुद्दाम बोलावून घेतले होते. अखेरच्या घटका मोजणाऱ्या माणसाने एवढी माणसे का गोळा करावीत? दत्तकविधानातला होम, वाद्ये, जेवणावळ हा सगळा श्रीमंतीचा थाट होता, असे आज सहज म्हटले जाते. मला ते पटत नाही. जन्ममृत्यूची सरकारी नोंद नसलेल्या काळात ‘हे मूल आता या घरचे’ हे सिद्ध करायला चारचौघांनी पाहिलेला सोहळा हाच मोठा पुरावा होता. धर्म आणि गोतावळा त्यात शोभेपुरते येत नव्हते. साक्षीदार म्हणूनच त्यांना बोलावणे जात असे.

धर्मशास्त्राचे जुने ग्रंथ पाहिले तर हे स्पष्ट दिसते. दत्तक घेणाऱ्याने आप्तांना बोलवावे, राजाला कळवावे आणि घराच्या मध्यभागी होम करावा, असे वसिष्ठ धर्मसूत्र सांगते. शौनकाच्या नावावरचा विधी तर आणखी बारकाईने दिलेला आहे. घेणारा मूल मागतो, देणारा ‘दिले’ म्हणतो. मग मुलाला मांडीवर घेऊन त्याचे मस्तक हुंगायचे, त्याला वस्त्रे आणि कुंडले घालायची आणि गाणी, नाच व वाद्यांच्या गजरात घरात आणायचे. आनंद साजरा करणे हा इथे विधीचाच भाग आहे. मस्तक हुंगण्याची कृती मला विशेष महत्त्वाची वाटते. परगावाहून परतलेला बाप पोटच्या मुलाशी जसा वागे, तसेच या नव्या मुलाशी सर्वांदेखत वागायचे, असा तिचा रोख आहे.

महाराष्ट्रात या साक्षीला आणखी वजन होते, कारण दत्तक घेणारी व्यक्ती पुष्कळदा विधवा असे. नवऱ्याच्या अनुज्ञेशिवाय स्त्रीने मुलगा देऊ वा घेऊ नये, हे वसिष्ठाचे वचन. बंगालमध्ये त्याचा अर्थ कडक लावला गेला आणि विधवेला नवऱ्याने दिलेली परवानगी दाखवावी लागे. नीलकंठ भट्टांच्या ‘व्यवहारमयूखा’ने ती अट नवऱ्याच्या हयातीपुरती मानली आणि मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही तोच अर्थ उचलला. नवऱ्याचा कागद नसताना उभ्या राहणाऱ्या बाईला चार माणसांचा आधार हवाच. खंडेराव गायकवाडांच्या पत्नी जमनाबाईंनी 27 मे 1875 रोजी कवळाण्याचा शेतकरी घरातला बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला. तेच पुढचे सयाजीराव. कोल्हापूरच्या आनंदीबाईंनी 17 मार्च 1884 रोजी कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव घेतला. तेच शाहू महाराज.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : हे सारे गादीसाठी, पिंडासाठी आणि वतनासाठी चाले, मुलासाठी नव्हे. आक्षेप बराचसा खरा आहे. मुलींना त्यात जागा नव्हती आणि मुलाला विचारत कोण होते? 1796 मध्ये सवाई माधवरावांच्या विधवा यशोदाबाईंच्या मांडीवर चिमाजी आप्पांना बसवले, तेव्हा नात्याने काका असलेला माणूस पुतण्याचा मुलगा झाला. निव्वळ राजकारणासाठी केलेले ते दत्तक काही महिन्यांतच रद्द ठरले. झाशीत तर साहेबांनी डोळ्यांदेखत पाहिलेले दत्तक डलहौसीने राज्यापुरते नाकारले. मात्र याच उदाहरणांवरून माझा मुद्दा अधिक पक्का होतो. साक्षीदार फिरले की मुलाच्या पायाखालची जमीन सरकते, इतके सगळे त्यांच्यावर उभे होते.

शिवाय वारसाच्या हिशेबाबाहेरचे दत्तकही याच भूमीत झाले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत आपला मानला. गोत्र, जात, भाऊबंदकी, शास्त्राने घातलेले एकही कुंपण तिथे उरले नाही. जोतीरावांनी 1887 मध्ये मृत्युपत्र करून त्याचा हक्क लिहून ठेवला. तरीही 1890 मध्ये त्यांच्या अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतले. कागद झाला होता, नात्यातल्यांनी मात्र मान्यता दिली नव्हती. पुढे डॉक्टर झालेल्या यशवंताने 1897 च्या प्लेगमध्ये आईच्या बरोबरीने रुग्णांची सेवा केली. त्याच साथीत सावित्रीबाई गेल्या.

दुसरा आक्षेप आजचा आहे : कायदा असताना सोहळा कशाला? 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने दत्तहोम अनिवार्य नाही असे स्पष्ट सांगितले आणि मुलींनाही दत्तक घेण्याची वाट कायद्याने मोकळी केली. मूल प्रत्यक्ष देणे-घेणे मात्र त्याने आवश्यकच ठेवले. संस्थांमधून येणाऱ्या मुलांसाठी बाल न्याय कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. ही सुधारणा हवीच होती. मुलाचा हक्क भाऊबंदांच्या मर्जीवर राहता कामा नये. तरी आदेशाने आजी मिळत नाही, आत्या मिळत नाही. मधल्या काळात कित्येक घरांनी दत्तक ही गोष्ट मुलापासूनही लपवली आणि लग्नाच्या वयात कोणा नातेवाइकाच्या तोंडून ती फुटली, तेव्हा त्या मुलाचे काय झाले असेल याचा विचारही जड जातो. म्हणूनच संस्थेतून बाळ आणल्यावर उघडपणे बारसे करणारी, आत्याला पाळण्यापाशी बोलावून तिच्याकडून कानात नाव सांगवून घेणारी आणि शेजाऱ्यांना पेढे वाटणारी आजची घरे मला शौनकाच्या विधीच्या अधिक जवळची वाटतात. त्या घरांत होम असो वा नसो, आणि मूल मुलगा असो वा मुलगी.