घरच्या एका संगणकावर दोन कार्यप्रणाली

संगणकाचे यंत्र आणि वापरकर्ता यांच्यामध्ये उभ्या असलेल्या मूलभूत आज्ञावलीस कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज आणि लिनक्स ही तिची परिचित उदाहरणे. एकाच संगणकाच्या डिस्कवर या दोन्ही स्वतंत्रपणे स्थापित करून, संगणक सुरू करताना हवी ती निवडण्याच्या व्यवस्थेस ‘ड्युअल बूट’ असे नाव आहे. एका वेळी एकच प्रणाली चालते. दुसरीकडे जाण्यासाठी संगणक पुन्हा सुरू करावा लागतो.

गरज का भासते?

विंडोज १० ही प्रणाली जुलै २०१५मध्ये आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने तिचे नियमित साहाय्य थांबवले. विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सुस्थितीतील अनेक जुने संगणक त्या अटींत बसत नाहीत. अशा संगणकांना विनामूल्य लिनक्स हा पर्याय उरतो. सी-डॅकने डेबियनच्या आधारे विकसित केलेली ‘बॉस’ प्रणाली मराठीसह अनेक भारतीय भाषांना आधार देते.

मग विंडोज पूर्णपणे का काढू नये? मराठी मुद्रणव्यवसायात श्रीलिपी, आयएसएम यांसारखी साधने आणि त्यांचे जुने फॉन्ट अद्याप वापरात आहेत. हिशेबासाठी टॅली लागते. ही कामे विंडोजवरच सुलभ होतात. युनिकोड मराठी लेखन मात्र इनस्क्रिप्ट कळफलकाच्या साहाय्याने दोन्हीकडे सारखेच करता येते. म्हणूनच जुने काम विंडोजवर आणि इंटरनेट, बँक व्यवहार, मुलांचा अभ्यास लिनक्सवर, अशी विभागणी सोयीची ठरते.

स्थापनेचा क्रम

प्रथम सर्व छायाचित्रे व कागदपत्रांची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी. ही पायरी कधीही वगळू नये, कारण पार्टिशन निवडताना झालेली एक चूक वर्षानुवर्षांचा संग्रह पुसून टाकू शकते.

त्यानंतर लिनक्स पेन ड्राइव्हवर उतरवून, ते स्थापित न करता तेथूनच चालवून पाहावे. वाय-फाय, ध्वनी आणि मुद्रणयंत्र चालते की नाही, हे यातून कळते. समाधान झाल्यास विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट वापरून किमान २५ जीबी, शक्यतो ५० जीबी जागा मोकळी करावी आणि त्याच जागेत लिनक्स स्थापित करावे. विंडोज आधी व लिनक्स नंतर, हा क्रम पाळावा. उलट केल्यास विंडोज आपलीच सुरुवात-व्यवस्था पुढे आणते आणि लिनक्सची निवड सहसा दिसेनाशी होते. लिनक्ससोबत येणारा ‘ग्रब’ हा कार्यक्रम दोन्ही प्रणालींची यादी दाखवतो.

नेहमीच्या अडचणी

बिटलॉकर कूटबद्धता चालू असल्यास सुरुवात-व्यवस्थेतील बदलानंतर विंडोज ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागू शकते. ती आधीच कागदावर उतरवून ठेवावी. किल्ली नसेल तर माहिती डिस्कवर असूनही हाती लागत नाही.

विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. ते चालू असताना संगणक बंद केला तरी विंडोजची डिस्क अर्धवट वापरात राहते आणि लिनक्सला तिच्यावर सुरक्षितपणे लिहिता येत नाही.

घड्याळ चुकणे हा तिसरा अनुभव. विंडोज यंत्रातील घड्याळ स्थानिक वेळेचे मानते, तर लिनक्स जागतिक प्रमाणवेळेचे. भारतीय वेळ त्याहून साडेपाच तास पुढे असल्याने लिनक्सनंतर विंडोजमध्ये घड्याळ तेवढेच मागे दिसते. लिनक्सला स्थानिक वेळ वापरण्यास सांगितल्यास हा घोळ मिटतो.

लिनक्स काढायचे झाल्यास त्याचे पार्टिशन थेट पुसू नये. आधी विंडोजची सुरुवात-व्यवस्था पूर्ववत करावी आणि मगच जागा मोकळी करावी.

एक मर्यादाही ध्यानात घ्यावी. शेजारी लिनक्स आल्याने साहाय्य संपलेले विंडोज सुरक्षित होत नाही. त्यावर इंटरनेटचा वापर शक्य तितका टाळणे, हीच या व्यवस्थेची खरी अट आहे.