जांबच्या मूर्ती, काचेच्या पट्ट्या आणि बेताच्या पैशातला संगणक

ऑगस्ट २०२२ मध्ये जांब समर्थ (ता. घनसावंगी, जि. जालना) येथील राममंदिरातून पंचायतनाच्या मूर्ती चोरीस गेल्या. समर्थ रामदासांचे हे जन्मगाव असल्याने साऱ्या महाराष्ट्रात हळहळ व्यक्त झाली. पोलिसांनी त्याच वर्षी मूर्ती हुडकून काढल्या. परंतु अशा प्रत्येक घटनेत पहिला प्रश्न एकच असतो: वस्तूचे नीट छायाचित्र आहे काय?

चोरीस गेलेल्या कलावस्तूंची ओळख पटावी म्हणून १९९७ साली ‘ऑब्जेक्ट आयडी’ नावाचे आंतरराष्ट्रीय टिपण ठरवण्यात आले. त्यातील पहिली सूचना मोजमापाची नाही, वर्णनाचीही नाही. छायाचित्रे काढा, ही आहे.

आजोळच्या देवघरातील पोथ्या मी टिपू लागले ती या घटनेनंतर. कॅमेरा उसना मिळाला. अडले ते संगणकापाशी. हा धागा त्या खरेदीविषयी आहे, पण वाट थोडी इतिहासातून जाते.

जांब तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याचा दरबारी छायाचित्रकार म्हणजे लाला दीनदयाळ. त्या काळी ‘फोटो एडिटिंग’ चाले ते काचेच्या नकारपट्टीवर, टोकदार पेन्सिलीने: चेहऱ्यावरचे डाग झाकायचे, सावली हलकी करायची. दीनदयाळांच्या स्टुडिओच्या पुष्कळ काचपट्ट्या आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. कागदावरचे ठसे विरले तरी पट्टीवरून नवा ठसा काढता येतो. आजची रॉ फाइल ही त्या काचपट्टीची वारस. कॅमेऱ्याने ‘सुंदर’ करून दिलेली जेपेग म्हणजे फक्त ठसा. म्हणून पोथी टिपायची ती रॉमध्येच.

आणि येथेच संगणकाचा कस लागतो. हिशेब करून पाहा. २४ मेगापिक्सेलचे चित्र. प्रत्येक बिंदूस तीन रंग, प्रत्येक रंगास दोन बाइट. एक थर उघडला की १४४ एमबी स्मृती गेली. तीन-चार थर, मागे जाण्यासाठी जपलेल्या पायऱ्या, शेजारी ताडून पाहण्यासाठी दुसरे पान, शिवाय ब्राउझर. माझा ४ जीबीचा जुना लॅपटॉप पाचव्या पानाला गोठला. त्यातच वीज गेली आणि अर्धवट लिहिली गेलेली फाइल पुन्हा उघडलीच नाही. मूळ रॉ दुसऱ्या डिस्कवर होती म्हणून निभावले.

तेव्हा रॅम १६ जीबी. त्याखाली उतरू नये. मदरबोर्डावर आणखी एक खाच मोकळी असेल असे पाहावे. प्रोसेसर सहा गाभ्यांचा, अंगभूत ग्राफिक्सचा पुरतो. कामाच्या फाइलींसाठी ५१२ जीबीची एसएसडी आणि साठवणीसाठी साधी हार्ड डिस्क, कारण साठवणीला वेग नको, जागा हवी. यूपीएस घ्याच; मराठवाड्यात राहणाऱ्यास याचे कारण सांगायला नको.

वेगळे ग्राफिक्स कार्ड मी वगळले. दुकानदार त्याचाच आग्रह सर्वाधिक धरतो. कार्डाने काही कामे झपाट्याने होतात हे खरे. त्याचा मोठा लाभ मात्र कृत्रिम बुद्धीने चित्रातले कण पुसणाऱ्या सोयींना होतो, आणि पोथीच्या अभ्यासकाने त्यांना हात लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ही साधने पुसट जागी काय असावे याचा अंदाज बांधून ती भरतात. झिजलेल्या ‘व’चा नितळ ‘ब’ झाला तर आपण एक नवा पाठभेद जन्माला घातला! शंकर श्रीकृष्ण देवांनी १९०५ साली धुळ्याहून ‘दासबोध’ प्रसिद्ध केला, तो डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या प्रतीवरून. गावोगावच्या मठांत नकलांची वाण नव्हती. तरी त्यांनी मुळाच्या जवळची प्रत धरली. ती शिस्त आपण पडद्यावर का सोडावी?

पडदा. येथे मात्र काटकसर करू नये. पोथीत दंड, ओवीचे अंक हिंगुळाने तांबडे केलेले असतात. कार्यालयांतून निघालेल्या जुन्या टीएन मॉनिटरवर मान जरा हलवली की तो तांबडा तपकिरी दिसतो, आणि आपण भोळेपणाने मूळचाच रंग ‘सुधारून’ बसतो. आयपीएस पटलाचा, एसआरजीबी रंगपट्टा जवळपास पूर्ण दाखवणारा २४ इंची मॉनिटर घ्यावा. (हा रंगपट्टा १९९६ चा, एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून मांडलेला.) एकूण रकमेचा चौथा हिस्सा मी यावर घातला. उलट सीपीयू, कॅबिनेट यांत जुने चालते. वापरलेला कार्यालयीन डेस्कटॉप घेऊन त्यात रॅम आणि एसएसडी वाढवणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. मात्र मदरबोर्ड किती रॅम पेलतो ते आधी तपासा.

सॉफ्टवेअरवर शून्य रुपये. फोटोशॉप १९९० चे, आज भाड्याने मिळणारे. १९९६ पासूनचे गिंप आणि २००९ पासूनचे डार्कटेबल विनामूल्य आहेत. डार्कटेबल मूळ रॉला स्पर्श करत नाही. केलेले बदल वेगळ्या छोट्या फाइलीत लिहून ठेवते. कोणत्या पानाची उजळणी किती केली, हे उद्या कोणीही तपासू शकेल.

रामनवमीला जांबला गर्दी होईल. त्याआधी आजोळी जाऊन पोथीची उरलेली ४२ पाने टिपायची आहेत. प्रत्येक पानाशेजारी रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवून. मामांनी त्यासाठी ओसरीतली उत्तरेच्या उजेडाची जागा रिकामी करून ठेवली आहे.