पस्तीस पौंडांचं कूळ

नवे टायर चढले, बॅलन्सिंग झालं. दुकानातल्या पोराने कंप्रेसरची नळी व्हॉल्व्हला लावली आणि मान वर न करता विचारलं, "काका, हवा किती टाकू?"

गाडीचे मूळचे टायर २१५/६५ आर १६ होते. त्यांच्या जागी मी हौसेने २२५/७० आर १६ घालून घेतले होते. मी म्हटलं, "तू किती टाकतोस?"

"सगळ्यांना पस्तीस."

लहान गाडी असो, जीप असो, टायर रुंद असो की अरुंद, याच्याकडे पस्तीसच. पोराची चूक काढायला मी गेलो नाही. पण हा पस्तीस आला कुठून, ते शोधायची खोड मात्र मला त्या दिवसापासून लागली.

हवेच्या टायराला बाप दोन. पहिला रॉबर्ट विल्यम थॉमसन हा स्कॉटिश माणूस. १८४५ साली, तेविसाव्या वर्षी त्याने पेटंट घेतलं. रबर लावलेल्या कॅनव्हासची नळी, तिच्यावर चामड्याचं कवच. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कात घोडागाड्यांना ही चाकं लावून दाखवली. लोकांनी कौतुक केलं आणि विसरून गेले. सायकल रुळायची होती, मोटार जन्मायची होती. या चाकांना गिऱ्हाईक कुठून मिळणार? दुसरा बाप बेलफास्टचा गुरांचा डॉक्टर, जॉन बॉइड डनलॉप. मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर फार हादरे देते म्हणून त्याने लाकडी चकतीवर हवेची नळी बसवली आणि अंगणात भरीव रबराच्या चाकाशी तिची शर्यत लावली. भरीव चाक मध्येच आडवं झालं, हवेचं पार फाटकापर्यंत गेलं. हे १८८७ साल, पेटंट १८८८ चं. त्यानंतर दोन वर्षांनी थॉमसनचं जुनं पेटंट उजेडात आलं आणि डनलॉपचं पेटंट गेलं. नाव मात्र त्याचंच राहिलं.

डनलॉपने हवा किती टाकली? फुटबॉलच्या पंपाने नळी फुगवली, बोटाने दाबून पाहिली. आकड्याची गरजच नव्हती. तीनचाकीवरचं पोर असं कितीसं जड असणार?

आकडा लागला तो मोटारीचं ओझं आल्यावर. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशेलिन बंधूंनी आपली गाडी हवेच्या टायरांवर उतरवली. पंक्चरवर पंक्चर काढत सुमारे १,२०० किलोमीटर कापले आणि ठरलेली वेळ उलटून गेल्यावर पोचले. हसं झालं, पण गाडी हवेवर चालते हे लोकांनी पाहिलं. त्या वेळच्या टायराचा गाभा साध्या कॅनव्हासचा, उभ्या-आडव्या विणीचा. टायर दबला की धागे एकमेकांवर घासायचे, तापायचे, तुटायचे. म्हणून हवा ठासून भरायची. पुढे दंडकच पडला: टायराच्या रुंदीच्या दर इंचाला वीस पौंड, म्हणजे तीन इंची टायरात साठ आणि चार इंचीत ऐंशी.

गंमत अशी की या हिशेबात टायर जितका मोठा तितकी हवा जास्त. मोठा टायर जड गाडीलाच लागायचा, म्हणून तो चालूनही गेला. माणसांच्या मणक्यांची विचारपूस कोणी केली नाही.

त्याच काळाने दिलेल्या दोन वस्तू अजून आपल्या गाडीत आहेत. न्यूयॉर्कच्या श्रेडर कंपनीचा व्हॉल्व्ह १८९३ चा. पोराने नळी लावली ती त्याच्याच वंशजाला. दुसरी स्टेपनी. वेल्समधल्या लॅनेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. १९०४ च्या सुमारास तिथल्या डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला काढलं. इंग्रज ते नाव विसरले, आपण अजून स्टेपनी बदलतो.

मग १९२३. धागे एकमेकांवर न घासता समांतर बसवण्याची युक्ती तोवर साधली होती, त्यामुळे टायर दबला तरी मरत नव्हता. अमेरिकेत फायरस्टोनने 'बलून' टायर काढला: पोट मोठं, भिंत पातळ आणि हवा तीसच्या आसपास. फ्रान्समध्ये मिशेलिनचा 'कॉन्फोर' त्याच वर्षीचा. साठ-ऐंशीवरून एकदम तीस! गाडी गादीवरून गेल्यासारखी जाऊ लागली. पुढची चाकं थरथरण्याचं नवं दुखणंही सोबत आलं आणि ते काढायला स्टिअरिंग आणि पुढच्या धुऱ्याची रचना बदलावी लागली.

बलूनने जुना दंडक उलटा केला. ओझं पेलतो टायर असं आपण म्हणतो, पण पेलते मुख्यतः हवा. चाकावर ३७५ किलो भार असेल आणि हवा ३३ पौंड, तर जमिनीला टेकणारा तुकडा साधारण १६० चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे बोटांसकट पंजाएवढा. पोट मोठं केलं की तेच ओझं कमी दाबावर पेलतं. दोराऐवजी रुंद पट्ट्याने ओझं उचलावं तसं.

पुढे अमेरिका, युरोप, जपान, सगळीकडे टायरवाल्यांच्या संघटनांनी कोष्टकं छापली: या मापाचा टायर, इतक्या दाबावर, इतके किलो. अमेरिकेत साध्या टायराचा पूर्ण भार ३२ पौंडांवर मोजत. १९७०च्या दशकात तेल महागलं, चाकं हलकी फिरावीत म्हणून नव्या मापांत तो आकडा ३५ झाला. युरोपात तो ३६, आणि जादा भाराच्या 'एक्स्ट्रा लोड' टायराचा ४२. सापडलं पस्तीसचं कूळ! तो टायराचा परीक्षेतला आकडा आहे. पूर्ण ओझं पेलताना लागणारा दाब. तुमच्या गाडीत तेवढाच टाका, असं त्या कोष्टकात कुठेही म्हटलेलं नाही.

गाडीचा आकडा निराळा. तो ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो आणि गाडी बनवणाऱ्याने ओझं, ब्रेक, वळण, आराम असं सगळं बघून ठरवलेला असतो. त्यातही घोळ होऊ शकतो. फोर्ड एक्स्प्लोररच्या फायरस्टोन टायरांसाठी फोर्डने २६ पौंड सांगितले होते. टायरांचा पट्टा सुटून गाड्या उलटू लागल्या, अमेरिकेत अडीचशेहून जास्त माणसं गेली, आणि २००० साली लाखो टायर परत मागवावे लागले. फायरस्टोन म्हणे हवा कमी सांगितली, फोर्ड म्हणे टायर कच्चे. हवा कमी झाली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो ना, त्याची सक्ती त्या देशात आली ती या प्रकरणानंतर.

आता माझे टायर. मूळच्या टायराचा भारांक ९८, म्हणजे ३६ पौंडांवर ७५० किलो. स्टिकरवरच्या ३३ ला तो साधारण ७०० पेलतो. नव्याचा भारांक १०३, म्हणजे ८७५ किलो. तेच ७०० किलो पेलायला त्याला सुमारे २७ पौंड पुरतात. बलूनचाच न्याय.

पण शेजारच्या घरातल्या मुलाने केलं ते वेगळं. त्याने २०५/५५ आर १६ काढून २२५/४० आर १८ घातले. दिसायला 'मोठे', कारण रिम मोठी. बाहेरचा व्यास होता तेवढाच राहिला, म्हणजे पोट आत खेचलं गेलं. त्याचा जुना टायर ९१ भारांकाचा, ३३ पौंडांवर साधारण ५७५ किलो पेलणारा. नवा ९२, तोही एक्स्ट्रा लोड, म्हणजे त्याचे ६३० किलो ४२ पौंडांवर. हिशेबाने त्याला ३७-३८ हवेत. पस्तीसवर तो उपाशी, आणि खड्ड्यात रिम वाकली की दोष खड्ड्याला.

माझं काय? सत्तावीस ओझ्यापुरते खरे, पण एक्स्प्लोररची हकिगत वाचल्यावर स्टिकरच्या खाली जायची माझी तयारी नव्हती. स्टिकरइतकीच हवा भरायची, टायरावर खडूची आडवी रेघ मारायची आणि गाडी सरळ थोडी चालवायची. मधलीच रेघ पुसली तर हवा जास्त, कडाच पुसल्या तर कमी. मग एक-दोन पौंडांनी इकडेतिकडे. आणि हे सगळं टायर थंड असताना. पुण्याहून तापून आलेल्या टायरात तीन-चार पौंड नुसत्या उन्हाचे आणि रस्त्याचे असतात.

कांदे किलोने घेणारे आपण हवा अजून पौंडाने भरतो, हेही त्या पोराला सांगावंसं वाटलं. सांगितलं एवढंच, "तेहेतीस टाक."

त्याने खटका दाबला. "पस्तीसच टाकतो काका. दोन तर उतरतातच."