खेळ, यंत्र आणि माणसाचा हात

नळदुर्गचा पाणीमहाल आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, इ. स. १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर तो बंधारा उभा राहिला. बंधाऱ्याचे काम पाणी अडविण्याचे. बांधणारा तेवढ्यावर थांबला असता तरी त्याला कोणी नाव ठेवले नसते. पण त्याने भिंतीच्या पोटात दालने काढली. आणि पावसाळ्यात नर व मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळू लागले, म्हणजे आत उभ्या राहिलेल्या माणसाला अंग न भिजता ते पाहता यावे अशी योजना केली. या हौसेपायी भिंत काही दुबळी झाली नाही. चारशे वर्षे ती उभी आहे, आणि पाऊस चांगला झाला की माणसे अजूनही तेथे लोटतात.

कामाच्या वस्तूत आनंदाला जागा देता येते, एवढे नळदुर्ग आपल्याला सांगतो. पण काम मोठ्यांचे आणि खेळ पोरांचा, अशी वाटणी आपण मनाशी करून ठेवलेली असते. खेळ झालाच तर काम उरकल्यावर! ही वाटणी कितपत खरी आहे हे पाहावयाचे असेल, तर संगणकाचा इतिहास चाळावा. माणूस आणि संगणक यांचा व्यवहार कसा चालतो, तो सुकर कसा करावा, याचा अभ्यास करणारे एक स्वतंत्र शास्त्रच आता उभे राहिले आहे. आणि त्या शास्त्राच्या जन्मकाळी खेळ दाराबाहेर नव्हता, घरातच होता.

१९५० नंतरच्या दशकात संगणक वापरणाऱ्यास सहसा संगणकाचे दर्शनही होत नसे. भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यावयाचा आणि उत्तरासाठी काही तासांनी, नाहीतर दुसऱ्या दिवशी यावयाचे. कचेरीत अर्ज देऊन हेलपाटे घालावेत, तसाच हा प्रकार! अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९६१ साली पीडीपी-१ नावाचे यंत्र आले. त्याला पडदा होता आणि त्याच्यासमोर बसता येत असे. स्टीव्ह रसेल व त्याच्या सोबत्यांनी १९६२ साली त्यावर दोन अंतराळयानांच्या लढाईचा खेळ रचला. यंत्रावरच्या बटणांनी खेळताना हात अवघडू लागले, तेव्हा त्यांनी हातात धरावयाच्या लहान पेट्या स्वतःच तयार केल्या. यंत्र माणसाच्या हाताला जुळवून घेण्याची ही खटपट कोणा अधिकाऱ्याच्या हुकुमाने झाली नाही. डाव नीट खेळता यावा म्हणून झाली.

पुढे १९६८ साली डग्लस एंगलबार्ट याने सॅन फ्रान्सिस्को येथे भरसभेत माऊस चालवून दाखविला. त्याच साली ॲलन के या तरुण संशोधकाने सीमूर पॅपर्ट यांच्याकडे शाळकरी मुले संगणकाशी कशी रमतात हे पाहिले, आणि त्याच्या विचाराला निराळे वळण लागले. १९७२ साली त्याने वहीएवढ्या संगणकाची कल्पना मांडली. ती सर्व वयांच्या ‘मुलां’साठी होती. झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधनकेंद्रात ज्या खिडक्या आणि चित्रे पडद्यावर आली, ती मुलांच्या हाती देऊनही पारखली गेली. आज आपल्या पडद्यावर जे दिसते, त्याचे मूळ बरेचसे तेथे आहे.

त्याच केंद्रातील टॉमस मॅलोन याने १९८२ साली एक मार्मिक भेद सांगितला. खेळण्यात थोडी अडचण असावी लागते, नाहीतर गोडी उरत नाही. साधनात मात्र ती नसावी, कारण वापरणाऱ्याचे मूळ काम आधीच अवघड असते. तेव्हा खेळाकडून उचलावयाचे ते काय? आव्हान, कल्पना आणि कुतूहल यांनी मन कसे धरून ठेवले जाते, हे ज्ञान. साधनावर रंगीत झालर लावली म्हणजे खेळ आला, असे नव्हे.

आपल्या मराठीतही याचे एक चांगले उदाहरण आहे. पवईच्या आय.आय.टी.मध्ये १९६९ साली औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झाले. तेथे प्राध्यापक अनिरुद्ध जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोबाईलवर मराठी लिहिण्यासाठी ‘स्वरचक्र’ तयार केले. २०१३ साली ते लोकांच्या हाती आले. ‘क’वर बोट ठेवावे, की त्याच्याभोवती का, कि, की, कु असे चक्र उमटते, बोट हव्या त्या अक्षराकडे सरकवावे आणि उचलावे. बिगरीतल्या मुलाने तालावर म्हटलेली बाराखडीच ती! नवे काही पाठ करावे लागत नाही, आणि बोट उचलण्यापूर्वी काय उमटणार ते दिसते.

हा विषय आपल्या जिल्ह्यापासून दूर नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद मोबाईलवर स्वतः करावी, अशी ई-पीक पाहणी सुरू झाली. उमरगा-भूमकडच्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्याने, ज्याने जन्मभर नांगर धरला, तो पडद्याला बोट लावावयास का कचरतो? बुद्धी कमी म्हणून नव्हे. चुकले तर सातबाऱ्यावर चुकेल, ही त्याची धास्ती असते. म्हणून तो मोबाईल नातवाच्या हाती देतो, आणि स्वतःच्याच शेताच्या नोंदीत परका होतो. २०२२ च्या आवृत्तीत नोंद एकदा दुरुस्त करण्यास ४८ तासांची मुदत मिळाली. मला ही सोय फार मोलाची वाटते, कारण खेळाचा गाभाच तिच्यात आला आहे: सोंगटी चुकीची पडली तरी डाव पुन्हा मांडता येतो.

चूक जेथे स्वस्त असते, तेथेच माणूस हात घालून पाहतो. आणि हात घातल्यावाचून कोणतीही विद्या कोणाला आली नाही. तेव्हा लोकांसाठी यंत्रे रचणाऱ्यांनी पहिला डाव शेतकऱ्याला, गृहिणीला, मुलाला खेळू द्यावा, आणि त्यांचे बोट कोठे अडते ते शेजारी बसून पाहावे. नियम त्यानंतर लिहावेत.