भेटकार्डाची किनार

भेटकार्ड करावयास बसले की चित्र लवकर ठरते. पणती, कमळ, हळदीकुंकवाची कोयरी, संक्रांतीचे सुगड, यांपैकी एक काहीतरी घ्यायचे. अडते ते चित्राखाली लावावयाच्या रंगीत कागदापाशी. चित्र कापून त्याहून थोड्या मोठ्या कागदावर चिकटवले म्हणजे चारी बाजूंनी सुता-दोन सुताची किनार दिसते. फ्रेमवाले तिला माउंट म्हणतात. आपल्या मंडळात कोणी काठ म्हणते, कोणी किनार म्हणते. हा काठ कोणत्या रंगाचा घ्यावा यावर गेल्या संक्रांतीच्या आधी आपल्यात किती वादावादी झाली ते सर्व भगिनींना ठाऊकच आहे. त्या निमित्ताने या काठाचा मागचा इतिहास थोडा वाचला, थोडा जाणत्यांना विचारला, आणि स्मरणिकेसाठी तो लिहावा असे वाटले.

चित्राला काठ लावण्याची रीत साहेबाची, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नव्हे. मोगल बादशहांच्या चित्रसंग्रहांत प्रत्येक चित्र जाड कागदावर चिकटवून त्याभोवती रुंद हाशिया सोडलेला असे. जहांगीर बादशहाच्या वेळी (१६०५ ते १६२७) या हाशियावर सोनेरी वेलबुट्टी आणि माणसेसुद्धा काढीत. चित्र एका हाताचे आणि हाशिया दुसऱ्याच हाताचा, असा प्रकार नेहमीचा होता. म्हणजे काठ करणे हे वेगळे कसब मानले जात होते.

इतके लांब जायलाही नको. आपल्या मैंदर्गीहून विजापूर काही फार दूर नाही. तिथे दुसरा इब्राहिम आदिलशहा (१५८० ते १६२७) गाण्याचा आणि चित्रांचा मोठा शौकीन होता. विजापूरकडच्या चित्रकारांनी सतराव्या शतकात अबरी कागदाचा फार सुंदर उपयोग केला. फारसीत अब्र म्हणजे ढग. पसरट भांड्यात दाट केलेले पाणी घेऊन त्यावर रंगाचे थेंब सोडायचे, काडीने किंवा फणीने ते हलवायचे आणि वरून अलगद कागद टेकवून उचलायचा. ढगासारखी नक्षी कागदावर उठते. जुन्या चोपड्यांच्या पुठ्ठ्यांवर असा कागद पुष्कळांनी पाहिला असेल. विजापूरकरांनी याच कागदाची चित्रे केली आणि काठही केले. आपल्यापैकी काही जणींनी मागे तेलरंग पाण्यावर सोडून असे कागद करून पाहिले होते. त्याचे मूळ इतके जवळचे आहे हे तेव्हा कोणाच्या ध्यानी नव्हते.

आता भेटकार्डाची गोष्ट. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत पत्र कुठेही पोचवण्याची सोय झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८४३ साली, हेन्री कोल नावाच्या गृहस्थाने नाताळसाठी छापील कार्ड काढले. चित्र हॉर्सले या चित्रकाराचे होते. सुमारे हजार प्रती छापल्या, हाताने रंगवल्या आणि एकेक शिलिंगाला विकल्या. त्या काळी एक शिलिंग म्हणजे गरिबाला न परवडणारी किंमत. त्या कार्डाची मांडणी पाहण्यासारखी आहे. मध्ये जेवणाला बसलेले सुखी कुटुंब, आणि दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत भुकेल्याला अन्न व उघड्याला वस्त्र देण्याचे देखावे. मध्ये वेलींची चौकट. म्हणजे पहिल्याच कार्डात काठाला नुसत्या शोभेपलीकडचे काम दिलेले होते.

आपल्याकडे १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि गरिबाघरीही पत्र जाऊ लागले. चित्रेही घरोघरी पोचली ती त्याच सुमारास. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा निघाली, ती विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या स्नेह्यांच्या खटपटीने. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला यांच्या रंगीत तसबिरी भिंतीवर आल्या. बायकांनी त्या तशाच टांगल्या नाहीत. लक्ष्मीच्या पातळावर खऱ्या जरीच्या फिती लावल्या, गळ्यात बारीक मणी शिवले, कापडाचे तुकडे कापून नेसवले. अशा सजवलेल्या तसबिरी आता संग्रहालयांत ठेवतात. हातकामाच्या कार्डाची आपल्या बाजूची आजी शोधायची झाली तर ती मला इथेच दिसते. कात्री, खळ, जरीचा तुकडा आणि दुपारचा मोकळा वेळ, सामान तेच आहे. कागदाकडूनही खटपट झाली होती. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था निघाली आणि हाती केलेल्या जाड, खरबरीत कागदाची भेटकार्डे लोकांच्या माहितीची झाली.

रंगाचा विचार मात्र आपल्याला कोणी शिकवायला नको होता. तो लुगड्याच्या काठाने शिकवलेला आहे. आपल्या भागात इरकल नेसत आले आहेत. अंग डाळिंबी, मोरपंखी नाहीतर पोपटी, काठ रुंद, आणि पदर तांबडा, त्यावर पांढरी नक्षी. इरकलीत पदराचा ताणा वेगळा लावून तो अंगाच्या ताण्याला फाशांनी जोडतात. त्यामुळे पदराचा रंग अंगात मिसळत नाही, जिथे संपायचा तिथेच संपतो. हेच माउंटचे तत्त्व आहे. काठ अंगात विरघळला तर तो काठच नव्हे.

एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. शेव्हरल हे त्याचे नाव. पॅरिसच्या गोबेलँ या सरकारी विणकामशाळेत १८२४ साली तो रंगखात्याचा प्रमुख झाला. तिथे तक्रार होती की काळा दोरा पुरेसा काळा दिसत नाही. त्याने दुसरीकडचा काळा दोरा आणून ताडून पाहिला. रंगात खोट नव्हती. तो दोरा निळ्या-जांभळ्याशेजारी विणला की फिका पडे. दोष रंगाचा नव्हता, शेजाराचा होता. पुढे १८३९ साली त्याने यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात चित्राच्या चौकटीला कोणता रंग द्यावा याचाही विचार केला. हा गृहस्थ १०२ वर्षे जगला.

त्याचे म्हणणे घरी पडताळून पाहता येते. एकाच पिवळ्या कागदाचे दोन तुकडे कापावेत. एक जांभळ्यावर ठेवावा, दुसरा नारिंगीवर. जांभळ्यावरचा झळाळतो, नारिंगीवरचा मंदावतो. म्हणून झेंडूच्या चित्राला केशरी माउंट लावला की झेंडू मरतो. तोच वांगी रंगावर, नाहीतर गर्द हिरव्यावर ठेवा, मग पाहा. माझे स्वतःचे मत असे की चित्रात जो रंग सर्वांत जास्त असेल तो काठाला घेऊ नये. जो अगदी थोडा असेल, पानाच्या शिरेचा, पणतीच्या वातीचा, तो घ्यावा. सोनेरी कागदाचा मोह पुष्कळ जणींना होतो. सोनेरी फार रुंद झाला की कार्ड मिठाईच्या डब्यासारखे दिसते. तो केसभर ठेवावा आणि त्याच्या बाहेर दुसरा साधा रंग द्यावा. खालचा काठ वरच्यापेक्षा किंचित रुंद ठेवला तर चित्र खाली घसरल्यासारखे वाटत नाही, ही फ्रेमवाल्यांची जुनी युक्ती आहे. आणि रंग निवडायचे ते दिवसाउजेडी. बल्बच्या उजेडात अबोली आणि बदामी ओळखू येत नाहीत.

एवढ्यावर भागले असते तर वाद झालाच नसता. पण काठाचा रंग आपल्याकडे नुसता डोळ्यांनी पाहत नाहीत. पत्र उघडण्याआधीच काठ बातमी सांगतो. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेले असते. कोणी गेल्याचे पत्र आले तर त्याचा कोपरा फाडलेला असे, त्याला कुंकू नसे, आणि वाचून झाल्यावर ते घरात ठेवीत नसत. विलायतेत हेच काम काळ्या काठाने होई. व्हिक्टोरिया राणीचा नवरा १८६१ साली वारला, तेव्हापासून १९०१ साली स्वतः मरेपर्यंत राणी काळ्या काठाच्या कागदावर पत्रे लिहीत असे. त्या काळ्या चौकटीची सवय आपल्या वर्तमानपत्रांनाही लागली.

म्हणून संक्रांतीच्या कार्डाला काळा माउंट लावू म्हटल्यावर दोघी-तिघी दचकल्या. मला त्यात वावगे दिसत नाही. संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसणे ही आपलीच रीत आहे. थंडीत काळे कापड ऊब धरते असे त्याचे कारण सांगतात. नव्या सुनेला आणि बाळाला हलव्याचे दागिने घालतात तेही काळ्या कपड्यावर, कारण पांढरा हलवा काळ्यावरच खुलतो. आणि सोलापुरात त्याच दिवसांत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत सात नंदीध्वज निघतात, तेव्हा मानकरी आणि भक्त पांढऱ्या शुभ्र बाराबंदीत असतात. काळे आणि पांढरे एकत्र येण्याचा हा आपल्या जिल्ह्याचा सण आहे. आपल्या गावात घरात कानडी आणि कागदावर मराठी चालते. कोणी काळा म्हणो की कप्पू म्हणो, शोकाचा काळा आणि संक्रांतीचा काळा कोणालाही वेगळा ओळखता येतो. शेजारी हलव्याएवढी पांढरी रेघ असली की झाले.

तांबड्याची गोष्ट याहून अवघड आहे. तांबडा म्हणजे कुंकू, तांबडा म्हणजे सौभाग्य, असे आपण धरून चालतो. पण याच महाराष्ट्रात ब्राह्मणाघरच्या केशवपन केलेल्या विधवेला जे जाडेभरडे आलवण नेसवीत, तेही तांबडेच होते. आल नावाच्या झाडाच्या मुळापासून तांबडा रंग काढीत. आलवण हे नाव त्यावरूनच पडले असे जाणते सांगतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६९ साली कारखान्यात करता येईल असा तांबडा रंग शोधला आणि आलीचा धंदा बसला, आलवण मात्र त्यानंतरही कैक वर्षे राहिले. एकाच आलीच्या तांबड्याने एकीचा काठ रंगे आणि दुसरीचे सगळे आयुष्य. पत्रातही तसेच. एकीच्या नावाआधी सौभाग्यवती, दुसरीच्या आधी गंगाभागीरथी. महर्षी कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केले, १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. आलवण दृष्टिआड झाले, पण हळदीकुंकवाच्या आमंत्रणातली वगळणूक राहिली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ साली ग्रामसभेत ठराव करून विधवांवरच्या या प्रथा बंद केल्या आणि त्याच महिन्यात सरकारनेही सर्व ग्रामपंचायतींना तसे परिपत्रक पाठवले.

आपल्या मंडळाच्या कार्डांत हे कुठे आले, असे कोणी विचारील. गेल्या वर्षी कार्डांचे दोन गठ्ठे केले होते. सवाष्णींना कुंकवाच्या रंगाचा माउंट आणि इतर भगिनींना करडा. हेतू वाईट नव्हता, जुन्या वळणाने हात गेले इतकेच. पण ज्या बाईचा कात्रीवर हात सर्वांत साफ, जिने निम्म्याहून अधिक माउंट कापून दिले, तिच्या नावाचे कार्ड करड्यात निघाले. तिने ते उलटसुलट पाहिले आणि विचारले, "हा रंग चित्राला बघून दिला की मला बघून?" त्यावर उत्तर कोणापाशी नव्हते. चित्र तर जास्वंदीचे होते, आणि करड्यावर जास्वंद बरी दिसते हेही खरे, पण ते आपण पाहून ठरवले नव्हते.

यावर पुढल्या बैठकीत बराच वेळ बोलणे झाले. काही वडीलधाऱ्या बायकांचे म्हणणे असे पडले की तांबडे कार्ड आले तर त्या बाईलाच संकोच वाटेल, घरची माणसे बोलतील. या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण संकोच वाटेल की नाही हे ज्या त्या बाईने सांगावे, गठ्ठे करणारीने परस्पर ठरवू नये, असे माझे मत मी तेव्हाही मांडले होते. त्याच बाईने शेवटी साधा उपाय सुचवला आणि तो सर्वांना पटला.

यंदापासून कार्डे आधी पुरी करायची. जास्वंदीला करडा किंवा गर्द हिरवा, झेंडूला वांगी, पणतीला निळा, सुगडाला काळा आणि आत पांढरी रेघ, कोयरीला हवा तर कुंकवाचा. सगळी कार्डे वाळली की एकत्र पिसायची, पाकिटांत घालून पाकिटे बंद करायची, आणि नावे त्यानंतर लिहायची. पाकिटे सगळी एकाच बदामी रंगाची आणली आहेत.