न्हाणीघरातली वाकडी नळी

न्हाणीघर नव्याने करताना आपण फरशी आणि नळ निवडण्यात दिवस घालवतो. ज्या वस्तूमुळे मोरी-संडास घरात येऊ शकले, ती मात्र जमिनीखाली दडलेली असते.

१७७५ साली लंडनचा घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने संडासाच्या नळीला इंग्रजी ‘एस’सारखा बाक देऊन पेटंट मिळवले. बाकात पाणी साचून राहते, त्यामुळे खालचा दुर्गंध वर येत नाही. युक्ती एवढीच!

पुढे घरे सुधारली आणि नदी नासली. घरोघरचा मैला थेम्समध्ये जाऊ लागला. १८५८ च्या उन्हाळ्यात पार्लमेंटचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवण्याची वेळ आली. नाकाला झोंबल्यावर मात्र जोसेफ बॅझलजेटच्या भूमिगत गटारांसाठी त्याच वर्षी कायदा झाला.

पाणी अडवण्याचे हेच तत्त्व आपल्याकडे ‘नहाणी ट्रॅप’मध्ये आहे. आपली न्हाणी आणि साहेबाचा ट्रॅप, असा हा जोडशब्द प्लंबरांच्या तोंडी पक्का रुळला आहे. महिनाभर बंद असलेल्या घरात न्हाणीघराचे दार उघडताच जो वास येतो, तो बहुधा याच ट्रॅपमधले पाणी आटल्याचा. तांब्याभर पाणी ओतावे.